दीड नंबर कमी

भुसावळला मे महिन्यात सेहेचाळीस,
आणि एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या गोदामात
उणे बारा.
मधे फक्त एक दार, वीतभर जाड,
आणि फेगडेंची किल्ली.

मार्चपासून आम्ही फरशीवर पाणी ओततोय.
बादलीनं नाही, मगानं,
सडा घालावा तसं हलक्या हातानं,
एक थर गोठला की दुसरा.
भिंतींना अजून व्हॅनिलाचा वास येतो.
बावीस पावलं लांब, नऊ रुंद,
वीजबिल सहा जणांत.
एवढीच आमची आइस हॉकी.

डेन्झिलच्या भाच्यानं कॅनडाहून पाठवलेली बॅग
उघडली, तेव्हा आधी बाहेर आला
कुणाकुणाचा जुना घाम.
मग हेल्मेटं.
डेन्झिल रिटायर्ड गार्ड, सगळं नियमानं सांगतो :
हलवून बघा. हेल्मेट हललं तर नापास,
कपाळाची कातडी हलली तर पास.
काठी, बुटांवर उभं राहून, हनुवटीपर्यंत.
सरोदेच्या वाट्याला आलेली त्याच्या छातीशीच संपते,
तो भुईमूग उपटल्यासारखा वाकून खेळतो.
कोपराचे पॅड ढिले घेतले वारकेनं, हवा खेळेल म्हणून,
ते घसरले मनगटावर,
आणि कोपर नेमकं तेवढ्यात टेकलं.

बूट मी निवडले नेहमीसारखे, मोठे.

आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचं घेतात.
शाळेच्या फ्रॉकची दुमडलेली खालची पट्टी,
कॅनव्हासच्या बुटात पुढे कोंबलेला कापूस,
लग्नातला ब्लाऊज, आत दोन बोटं माया सोडून.
अंग वाढायचं केव्हाच थांबलं,
माया सोडायची सवय तेवढी राहिली.

पहिल्या दिवशी अकरा वेळा पडले.
मोजायची गरज नव्हती,
पण पार्सल ऑफिसात वीस वर्षं नग मोजतेय मी.
घोटे बाहेर, बूट आत, मी तिसरीकडे.

चपलेपेक्षा दीड नंबर कमी, डेन्झिल म्हणाला.
ताठ उभं राहिलं की अंगठा टोकाला टेकला पाहिजे,
गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे.
दुखेल?
दुखेल. आठ दिवस.
मग बूट आणि पाय ठरवतील आपापसात.

साडेचार नंबर.
त्रेचाळिसाव्या वर्षी
माझ्याच मापाची पहिली वस्तू.
नाडी ओढताना उगाच इकडेतिकडे बघितलं.

धारेला नेले मुनाफ शिकलगरकडे.
त्यानं पातं उलटं धरून एका डोळ्यानं पाहिलं :
दोन धारा, मधे पन्हाळ.
हे काय कापतं, बाई?
काही नाही. बर्फावर चालतं.
बर्फ तर टोच्यानं फोडतात, म्हणाला,
आणि तरी एक अख्खी दुपार घातली,
चाक घासून बारीक केलं, नखावर धार बघितली,
तीस रुपये घेतले
आणि विचारलं, बघायला येऊ का.

आला. भर मेमध्ये
कुणाचा तरी मफलर मागून, वर पोत्याची खोळ.
दारालगत उभा राहिला, तोंडातून वाफ निघते
हे दोनदा करून पाहिलं.
नडगीला माझ्या पोराचे क्रिकेटचे पॅड, कापून अर्धे केलेले,
चकती ट्रकच्या टायरची.
सरोदेनं ढकलली, मी वळले,
पहिल्यांदाच वळले, भिंतीला हात न लावता,
कडेवर झुकून, बर्फाचा भुगा उडवत.
वारके ओरडली, फेगडेंनी काठी आपटली.

मुनाफ बघत नव्हता.
डोळे मिटून ऐकत होता,
रस्त्यावर चाक फिरवताना ऐकतो तसा.

उजवा बरा बोलतो, म्हणाला.
डाव्याची आतली धार गप्प आहे.
उद्या आणा.