अर्ध्यावर

माझे वडील मंडळीचेही वडील.
मिरजेच्या चर्चमध्ये पुढून दुसरा बाक,
कडक इस्त्रीचा कोट,
आणि मरियेविषयी त्यांचं ठरलेलं एक वाक्य :
पत्र हाती आलं, वाचून झालं,
आता पाकीट कशाला पुजायचं?
आम्ही हसायचो.
नाताळच्या नाटकात मरिया मात्र मीच, तीन वर्षं लागोपाठ,
आईची निळी साडी डोक्यावरून.
संवाद एकही नाही.

मग लग्न. जंक्शनमागची रेल्वे क्वार्टर्स,
सासरे गार्ड, मूळचे गोव्याचे, सासू आपोलिना.
सव्विसाव्या वर्षी मी कॅथलिक झाले.
पोपसाहेब पटले. पापनिवेदन तर आवडलंच,
दिवसभर वॉर्डात दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या नर्सचं
जाळीआडून कुणीतरी ऐकतं म्हणजे चैनच.
ती बाई तेवढी पटेना.

संध्याकाळी सातला रोझरी.
सासू कोंकणीत, नवरा इंग्रजीत, मी मराठीत.
पहिला अर्धा भाग म्हणायचे,
तो लूकमध्ये आहे,
देवदूताचं बोलणं, अलीशिबेचं बोलणं,
वडिलांनाही चाललं असतं.
'आमच्यासाठी विनंती कर' आलं
की ओठ मिटून बसायचे.
अकरा वर्षं.
आपोलिनाला कळत होतं. बोलली नाही कधी.
मी गप्प होईन तेवढ्यापुरता
ती स्वतःचा आवाज वाढवायची.

नोकरी लेबर रूमची.
बाळ झालं की सगळे बाळाकडे धावतात.
आमच्या लोंढे मेट्रन ओरडायच्या : आधी वार बघ!
ट्रेमध्ये पसरून, नळाखाली धरून,
तुकडा आत राहिला तर बाई हातची जाते.
किती पाहिल्या असतील,
झाडासारख्या फाकलेल्या शिरा.
फेकून द्यायच्या वस्तूकडे
इतकं निरखून कोण बघतं?
एकदा पहाटे साडेतीनला,
कवठेमहांकाळची पहिलटकरीण,
ट्रे हातात असताना मनात आलं :
बेथलेहेमात ही कुणी पाहिली?
लूक म्हणे वैद्य होता. एक अक्षर लिहीत नाही.
तिनंच बघितली असेल का,
गुरांच्या वासात, कुणाला काही न विचारता?
मी हात धुतले. नोंद केली : वार पूर्ण.
लगेच काही झालं नाही त्याचं.

वडील गेले त्या वर्षी ट्रंकेत एक पाकीट सापडलं,
कोडोलीच्या होस्टेलवर मला आलेलं.
आतलं पत्र हरवलेलं.
वर त्यांच्या अक्षरात माझं नाव,
'कुमारी'ची वेलांटी ठासून, तिकीट तिरकं.
टाकवेना.
हसले असते स्वतःवर, पण सांगायचं कुणाला?

आपोलिना एप्रिलमध्ये गेली, दुपारी, लाईट नसताना.
नाडी माझ्या बोटांत.
माळ पुटपुटत होती, अर्ध्यावर श्वास पुरेना,
वाक्य तसंच उघडं राहिलं.
कुणीतरी पुरं करायला हवं होतं.
केलं. मराठीत.
मरणाच्या घटकेचं त्यात आहेच.

मुकुटवाली मूर्ती अजून आवडत नाही मला.
सप्टेंबरच्या नोव्हेनात पाय दुखतात,
हार, मेणबत्त्या, लाउडस्पीकर,
मनातल्या मनात वडील खाकरतात.
पण सातला बसते.
बोटं मण्यांवरून चालतात कळा मोजल्यासारखी,
आणि विनंती कर, म्हणते तिला,
एका बाईनं दुसरीला म्हणावं तसं.

कधीकधी जुन्या सवयीनं
अर्ध्यावर ओठ मिटतात.
घरात आवाज वाढवायला आता कुणी नाही.
थोडं थांबते.
मग मीच वाढवते.