चार मीटर

दवाखान्याच्या बोळात मी फरशीवर दोन पट्ट्या चिकटवल्यात.
इथून तिथवर चार मीटर.
"नेहमीसारखं चाला," मी म्हणते.
आदेरितु विचारतो, "कुठल्या नेहमीसारखं?"

गेल्या वर्षभरात पडलात का?
"नाही."
मागे खुर्चीतली लुदोविना पर्स उघडते, मिटते.
"म्हणजे एकदा बसलो. स्वयंपाकघरात.
जरा घाईनं बसलो."
"चार टाके पडले," ती पर्सला सांगते.

गेल्या महिन्यात पाय जागीच थिजले का,
जमिनीला गोंद लावल्यासारखे?
यावर दोघंही खिडकीबाहेर बघतात.
मी 'हो'च्या चौकोनात खूण करते.

चाळीस वर्षं यानं कुइंब्राचे फुटपाथ घातले.
ठेंगण्या स्टुलावर बसून
चुनखडीचा तुकडा डाव्या तळहातात फिरवायचा,
हातोडीचा एक ठोका, कड उडाली,
की शेजारच्या दगडाला बिलगून बसवायचा.
काळ्या दगडांच्या लाटा, नांगर, होड्या.
एकदा समोरच्या बँकेसाठी सिंह
(तोंड मांजरासारखं झालं. मॅनेजर चिडला. अजून तसंच आहे).
पावसात त्या गुळगुळीत दगडांवरून किती लोक घसरले
याचा हिशेब कोणी ठेवला नाही.
"मीच ठेवायला हवा होता," म्हणत तो हसतो.
हसू आताशा चेहऱ्यावर उशिरा पोचतं,
बस चुकलेल्या पाहुण्यासारखं,
आणि तोवर आम्ही पुढच्या प्रश्नावर असतो.

पाच सेकंद, चार दशांश.
तीन उत्तरांची बेरीज होते, बेरजेला तक्ता असतो,
तक्ता म्हणतो, अशा दहांतले आठ
येत्या सहा महिन्यांत पडतील.
"उरलेले दोघं काय करतात?"
अकरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.
"आणि दिवस कुठला, ते लिहिलंय का त्यात?
मंगळवार असेल तर बरं. मंगळवारी मुलगी येते."

माझ्याकडे दिवस नाही.
माझ्याकडे आहे ते मी देते:
गालिचे गुंडाळून माळ्यावर टाका.
रात्री संडासापर्यंत दिवा.
एका वेळी एकच काम, चालताना हातात बशी नको, तोंडात गोष्ट नको.
जागच्या जागी गिरकी घेऊ नका,
मोठा वळसा घ्या, ट्रक घेतो तसा.
आणि तुम्ही, लुदोविना,
मागून हाक मारू नका.
धड वळतं, पाय मागे राहतात.

ती बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणते, "मागूनच मारत आले हो आजवर.
हा कधी बरोबर चाललाय का? दहा पावलं पुढे असायचा."
सूप तेव्हा तिनंच वाढलं होतं.
'आदेरितु, मीठ!' एवढंच म्हणाली होती.
हे अर्जात कुठे लिहायचं मला माहीत नाही.
लिहीत नाही.

निघताना दाराच्या चौकटीत तो थिजतो.
टाचा उचललेल्या, गुडघे थरथरतात, जागा सुटत नाही.
मी पुढे सरकते, पण त्याआधी
लुदोविना आपला तपकिरी बूट त्याच्या पुढ्यात आडवा ठेवते.
तो बुटाकडे बघतो,
दगड जोखावा तसा,
आणि ओलांडतो.

खिडकीतून दिसतात.
आता ती पुढे, तो मागे.
काळी पट्टी, पांढरी पट्टी, काळी पट्टी.
स्वतःच घातलेल्या रेघांवर तो पाऊल टाकतो,
माझ्या फरशीवर जमलं नव्हतं इतकं मोठं.
ती थोडं चालून थांबते, पूर्ण वळते,
त्याच्याकडे तोंड करून काहीतरी बोलते, मग पुन्हा चालते.

बँकेसमोर सिंहाशी पोचल्यावर
तो त्या मांजरतोंडावर पाय देत नाही,
बाजूनं चांगला मोठा वळसा घेतो.
मी आत्ता शिकवलं म्हणून,
की गेली तीस वर्षं तो असाच जातो,
खाली उतरून विचारायला हवं होतं.
पुढचा पेशंट आत आलाय.
मी पट्टीचं एक सुटलेलं टोक बोटानं दाबते,
घड्याळ शून्यावर आणते.