खाल्ल्या मिठाला

पाव्लोदारच्या उत्तरेला, जिथे रस्ता संपून नुसती चाकोरी उरते,
तिथे ओरिनबेकचं घर. तळं हाकेच्या अंतरावर.
फेब्रुवारी. बर्फ दीड हात जाड.
रौशन गिरमिटाने भोक पाडते, दोरीला बांधून नळी सोडते,
तळाचा गाळ वर येतो, काळा,
लोण्यासारखा मऊ.
बरणीवर लिहिते: सतरा.

मग काठाची माती. गोठलेली, कुदळीला दाद न देणारी.
इथलंच गवत कापून रचतात हिवाळ्याच्या बेगमीला,
इथेच घोडे खुरांनी बर्फ उकरून चरतात.
अठरा. एकोणीस.
विसाव्या बरणीचं झाकण वाऱ्याने उडालं, शोधत बसली.

तिला अजून वाटतं, एखाद्या दिवशी पारा दिसेल.
लहानपणी थर्मामीटर फुटला तेव्हा
पलंगाखाली पळत सुटलेले ते थेंब,
तसा लखलखत पडलेला असेल कुठेतरी, पकडण्याजोगा.
पण उन्हाळ्यात इथलं पाणी तळापर्यंत दिसतं.
माझ्या भाषेत अशा पाण्याला पारदर्शक म्हणतात.
शब्दाच्या सुरुवातीलाच पारद बसलाय,
इतकी वर्षं मी तो उच्चारत होते.

कामशातचे वडील पलीकडच्या कारखान्यात होते.
मिठाच्या पाण्यातून वीज सोडायचे, खाली पारा वाहता,
क्लोरीन इकडे, कॉस्टिक तिकडे.
सणाला बाटलीतून थोडा पारा घरी आणायचे
पोरांना खेळायला. बशीत. कसा पळायचा, सांगताना ती आजही हसते.
टनावारी मीठ खाल्लं कारखान्याने
आणि एके दिवशी कुलूप लावून गेला.
मिठाला जागला तो फक्त गाळ.
त्याने काहीच टाकलं नाही, काहीच विसरला नाही.

ओरिनबेक कोटाचं बटण लावतो,
काजं सापडत नाही बोटांना.
‘थंडी,’ म्हणतो.
आत स्टोव्ह रसरसलेला.

दस्तरखान पसरलं. चहा, पाव, मिठाची वाटी.
पाहुण्याला मेंढीचं डोकं द्यायचं असतं,
मेंढ्या गेल्या साली विकल्या,
म्हणून माशाचं डोकं रौशनच्या पुढ्यात.
‘या तळ्यातला नाही,’ ओरिनबेक चहाकडे बघत म्हणाला,
‘इर्तिशचा आहे.’
पडवीत शिरताना तिच्या खांद्याला लागलं होतं जाळं,
अजून ठिबकत होतं.
आणि तळ्यावर, तिच्या भोकापासून वीस पावलांवर,
दुसरं भोक होतं, तिचं नसलेलं.

ती काही बोलली नाही.
मनात भागाकार केला: वजन, घास, आठवडा.
गालाजवळचा एक तुकडा काढला, मिठाला लावला, खाल्ला.
‘छान झालाय,’ म्हणाली. झालाही होता.
दाराशी थोरली पोर उभी, सहा महिन्यांची पोटुशी,
तिची बशी भरत होती कामशात.
तेव्हा मात्र रौशनचा हात मध्ये गेला.
बशीवर. पालथा.
कुणीच कुणाकडे पाहिलं नाही बराच वेळ.

निघताना कामशात मागोमाग बाहेर आली.
रुमाल सोडला, वेणी पुढे घेतली, कंबरेपर्यंतची.
‘केसांत कळतं म्हणे.’
कळतं. बोटभर केसात काही महिने,
मुळाशी हा हिवाळा,
टोकाला लेकीचं लग्न, त्याच्या आधीचा दुष्काळ,
ताटलीतला प्रत्येक मासा ओळीने लिहिलेला.
रौशनने कात्री काढली. हात गारठले होते,
पहिल्यांदा नीट कापलं गेलं नाही.

पाकिटावर नाव लिहायचं नसतं.
एकवीस.