मालकीची बाजू

तार्तूत नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो.
दिवा न लावता बसले आहे.
पडद्यावर दोन वर्ग: कबर आणि करार.
मधली रेघ उकूने ओढलेली.

काम तसं साधं. एका खेड्यातली दफनभूमी,
तिच्या वह्या, आधी जर्मन, मग रशियन, मग आमच्या भाषेत,
आणि शेवटच्या तीन हेल्दुरच्या अक्षरात,
जे कुठल्याच भाषेत लागत नाही.
ते सगळं तक्त्यांत बसवायचं,
तक्त्यांतून उचलून वस्तूंत.
ओळ म्हणजे माणूस.
रकाना म्हणजे त्याचं काहीतरी, जन्मसाल वगैरे.
आणि नातं म्हणजे
दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या खिशात असणं.
डेटाबेसला विचाराल तर एवढंच.
एक आकडा, परका.

वस्तूंच्या जगात दोघं एकमेकांकडे बघू शकतात,
कबर कराराकडे, करार कबरीकडे.
तक्त्यात तशी चैन नाही.
तिथे किल्ली एकाच्याच खिशात,
दुसरा नुसता म्हणतो: तिला विचारा, तिच्याकडे लिहिलेलं आहे.
(आमच्या घरात सगळ्यांचे वाढदिवस आईकडे होते.
ती गेल्यावर कळलं, बाबांकडे एकही नव्हता.)

उकूने रेघ ओढली जूनमध्ये,
सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी:
करार मालक, कबरी त्याच्या पोटात,
करार गेला की मागोमाग त्याही.
आणि खाली एक खूण, चालू करून ठेवलेली:
अनाथ काढून टाका.

आज दुपारी नोंदींच्या नकलेवर चाचणी घेतली.
एक करार पुसला. साल्मे कासिक, वय एक्क्याण्णव,
मागच्या महिन्यात वारली.
एक ओळ पुसायला सांगितली होती.
उत्तर आलं: बारा पुसल्या.

नवरा. दोन बहिणी.
नऊ दिवसांचा एक मुलगा, नावाचा रकाना रिकामा.
आणि सात जण, जे तिचे कुणीच नव्हते,
ज्यांच्या भोवतीची वाळू ती विंचरायची
कारण ते शेजारी होते
आणि दाताळं हातात होतंच.

हेल्दुरला फोन केला.
करार संपला की कबरीचं काय होतं?
तो एवढा वेळ गप्प की मला वाटलं फोन तुटला.
"काय व्हायचंय? असते ना तिथेच."
मग म्हणाला, कधी पोरं येतात, हेलसिंकीहून,
भाड्याच्या गाडीने, चुकीच्या फाटकातून.
कधी नाही येत.

किल्ली काढली कराराच्या खिशातून.
कबर आता स्वतःच्या पायावर,
आणि मधे तिसरा तक्ता, नाव ठेवलं निगा:
कोण, कुणाची, कधीपासून.
कधीपर्यंत हा रकाना सक्तीचा नाही.
अनाथांची ओळ खोडली. उकू उद्या विचारील.

एक गोष्ट मात्र तशीच ठेवली, त्याचीच:
मेलेल्यांना आधीपासून आणून ठेवायचं नाही,
कुणी नाव घेईल तेव्हाच आणायचं.
वेग राहतो त्याने. फक्त
हाक सत्र उघडं असेतोवर मारावी लागते.
नंतर मारली तर समोर कुणी नसतं,
नुसती एक लांबलचक चूक येते, लाल अक्षरात.
बाबांना मी आजोबांच्या गावाचं नाव
असंच उशिरा विचारलं.

पुन्हा चाचणी. पुसली: एक ओळ.

निगेत हेल्दुरचं नाव घालू का म्हटलं, त्या सातांपुढे.
"नको," म्हणाला, "मी पगारी माणूस."
मग सात रकाने रिकामे ठेवले.
चालतात, तशी मुभा मीच दिलेली.

शनिवारी साडेनऊची बस आहे.
दाताळं त्याच्याकडे जास्तीचं आहे म्हणतो,
एक दात कमी असलेलं.