जिन्यातला तिसरा

तपकीर गल्लीतून आणलेला खोका उघडला.
आत तीन पांढरे ठोकळे, मिठाच्या बरणीएवढे.
बाबांनी एकेक उलटा करून पाहिला,
तळहातावर तोलला.
"तार कुठंय?"
"तार एकालाच. बाकीचे आपापसात बोलतात."
"हं," म्हणाले.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात जोडारी होते ते.
टिळक रस्त्याच्या चेंबरमध्ये कमरेपर्यंत उतरून
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा.
अजूनही झोप येत नसली की हाच जप.

पहिला हॉलमध्ये, टीव्हीमागे. हिरवा.
दुसरा स्वयंपाकघरात.
आई फळीवरचे स्टीलचे डबे हलवू देईना.
"डब्यांमागून येत नसेल तर तुमचं इंटरनेटच कच्चं."
शेवटी फ्रीजवर बसला,
खाली क्रोशाचा रुमाल घालून. हिरवा.

तिसरा माझ्यासाठी, वर, गच्चीलगतच्या खोलीत,
जिथं मीटिंगच्या मधेच माझा चेहरा गोठतो
तोंड उघडं ठेवून.
तिथं तांबडा.
पाच पायऱ्या खाली आणला. तांबडा.
बाबा पुढं, मी मागं, एक्स्टेन्शन बोर्ड फरफटत,
आणि पायरीपायरीवर थांबून ते फोनात
"हॅलो, हॅलो, एक दोन तीन"
कुणालाही फोन न लावता.

हिरवा झाला तो पहिल्या मजल्याच्या वळणावर,
चपलांच्या रॅकवर.
तिथला प्लग जनूकाकांच्या मीटरवर आहे.

वाटणीच्या कागदात जिना सामाईक,
दिवा सामाईक, पाण्याची मोटर सामाईक.
प्लग कुणाच्या लक्षात आला नव्हता.
सात वर्षं झाली.
आई आणि प्रमिलाकाकू भाजीच्या गाडीपाशी भेटल्या
तर दोघी कोथिंबिरीशी बोलतात.
बाबा आणि काका तेवढंही नाही.

बाबा त्या प्लगकडे बघत उभे राहिले.
मग म्हणाले, खाली जातो, वरण उतू जाईल.
वरण आई बघत होती.

मी बेल वाजवली.
काका बनियनवर, हातात शेंगदाण्यांची वाटी.
म्हटलं, बिल पाच-सात रुपयांनी वाढेल, मी देत जाईन.
त्यांनी ठोकळा उलटा करून पाहिला,
तळहातावर तोलला.
"तार नाही याला?"
"नाही."
"मग कुठनं कुठं जातं?"
"खालून इथं. इथून वर."
"म्हणजे माझ्या दारावरनं."
"हो."
"लाव," म्हणाले, आणि दार लोटून घेतलं.

मग पासवर्ड. निदान आठ अक्षरं हवीत, ॲप म्हणालं.
माझ्या मनात मांजराचं नाव होतं.
बाबांनी घरच्या जुन्या फोनचा नंबर सांगितला, एका दमात.
तो फोन हॉलमध्ये असायचा, हॉल सगळ्यांचा होता तेव्हा.
आधी पाच आकडी, मग सहा, मग पुढं एकेक चिकटत आठ.
फोन परत करून टाकला,
नंबर कुणी परत मागितला नाही.

रात्री साडेअकरा. ॲपवर जोडलेली उपकरणं:
माझा लॅपटॉप, माझा फोन, बाबांचा, आईचा, टीव्ही.
सहावं अनोळखी.
पासवर्ड मी कुणाला दिला नव्हता.
माझ्या फरशीखालून कुस्तीच्या समालोचनाचा आवाज येत होता,
कुठंही न अडखळता.

खाली जाऊन बाबांना दाखवलं.
ॲप विचारत होतं, ब्लॉक करायचं का?
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाचलं,
चष्मा उतरवून परत वाचलं.
"राहू दे."

मी जिन्याशी पोचले तेव्हा मागून:
"दांड्या किती येतायत बघ त्याला.
त्याच्या आतल्या खोलीची भिंत जाड आहे."