सहकर्जदार

शारजात, अल नहदाच्या मागच्या वाळूच्या पटांगणात
आमची पांढरी गाडी अजून उभी आहे.
काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने फुली मारली होती,
ती फुलीही बुजली.
वायपरखाली नगरपालिकेची नोटीस.
एक किल्ली माझ्याकडे. दुसरी हेरंबकडे, मस्कतला.
मालक बँक.

मी रक्त काढते. दिवसाला साठ-सत्तर दंड.
मूठ आवळा, आता सोडा.
संध्याकाळी अहवाल बघायचे,
इतक्यापासून इतक्यापर्यंत ठीक, त्याखाली तांबडं.
एका खोलीच्या भाड्याला चार चेक हवे होते,
चेकबुक मागायला बँकेत गेले
आणि काउंटरवरच्या मारवानने पडदा माझ्याकडे वळवला
तेव्हा कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.
चारशे ब्याऐंशी.
तांबड्यात.

मिरजेला बाबा पतपेढीत कारकून होते.
म्हणायचे, पत म्हणजे विरजण.
नासलं की शेजारून मागून आणावं लागतं.
इथे डावीकडे एक सुदानी कुटुंब,
उजवीकडे लिफ्ट.

पत आणि पती, मध्ये एवढीशी वेलांटी.
ती मस्कतला निघून गेली
आणि जाताना उरलेली दोन अक्षरंही घेऊन गेली.

मारवानला सांगितलं, आम्ही वेगळे राहतो,
अठरा महिने झाले.
तो खरोखर वाईट वाटून म्हणाला,
मॅडम, ते कोर्टाला कळतं. सिस्टिमला नाही.
सिस्टिममध्ये मी सहकर्जदार.
लग्नात सात पावलं होती, इथे साठ हप्ते.
एकतिसाव्याला तो थांबला
आणि थांबलोय म्हणून सांगितलं नाही.

फोन केला.
गाडी तुझ्याकडेच होती ना, म्हणाला.
म्हटलं, किल्ली होती.
मग बराच वेळ त्याच्याकडचा एसी ऐकू येत राहिला.

मग मी भरलं.
रमजानच्या रात्रपाळ्या, दुसऱ्यांच्या सुट्ट्या,
रोल्याच्या सराफाकडे पाटल्या.
काट्यावर त्या इतक्या हलक्या भरल्या
की मला त्यांच्यासाठी लाजल्यासारखं झालं.
अकरा महिने.
या काळात मी किती वेळा म्हणाले असेन की हे अन्यायाचं आहे?
एकदाच. तेही एका पेशंटला,
ज्याला मराठी येत नव्हतं.

कर्ज बंद करायला दोन सह्या लागतात.
तो रात्रीच्या बसने आला.
कल्ले पांढरे. हातात हलव्याचा डबा,
केशराचा, मला आवडायचा तो.
टोकन एकशे चौदा. एकशे दोन चाललं होतं.
बाजूबाजूला बसलो, फोटोत बसतात तसे,
फक्त आता कुणी हसा म्हणत नव्हतं.

मी सही केली. सरला हुपरीकर.
मारवान म्हणाला, जुळत नाही मॅडम, पुन्हा करा.
आत फाईलमध्ये माझी जुनी सही होती, केळुस्कर,
शेवटच्या र ला लांब शेपटी.
हेरंबने मान दुसरीकडे वळवली.
मी केळुस्कर लिहिलं. शेपटीसकट.
हात विसरला नव्हता, याचाच राग आला.

बेबाकीचा दाखला मिळाला, शिक्क्यासह.
आणि आकडा? मी विचारलं.
चढेल हळूहळू. चुकलेले हप्ते मात्र दिसत राहतील.
किती वर्षं?
पाच.
आमचं लग्न चार वर्षं टिकलं होतं.

बाहेर उन्हात हेरंब म्हणाला, गाडी विकून टाक,
पैसे तूच ठेव.
एवढ्या धुळीची कुणी किती देणार,
असं मी म्हणाले,
आणि आम्ही दोघेही जवळजवळ हसलो.

लॅबच्या फ्रीजमध्ये खाण्याचं काही ठेवायचं नाही,
दारावर लिहिलंय, तीन भाषांत.
हलवा तिथेच आहे.
नमुन्यांच्या खालच्या कप्प्यात, नाव न घातलेला.