पाचवा घाणा

जूनचा तिसरा आठवडा. रात्री अकराच्या उन्हात
इर्या स्प्रूसचे कोंब खुडते आहे.
अजून पोपटी, मऊ,
मांजराच्या पंजाखालच्या गादीसारखे.
आणखी चार दिवस, की त्यांच्या सुया होतील,
मग ते कुणाचं ऐकणार नाहीत.

बेरी इथे कुणीही वेचावी, कुणाच्याही रानात.
कोंबांना मात्र मालकाला विचारावं लागतं.
ताउनो फोनवर म्हणाला, घे, पण शेंडा सोड,
झाडाला वर जायची वाट राहू दे.
एवढंच.
कायनूच्या या टोकाला फोनवर
निम्मा वेळ श्वासच ऐकू येतो.

तिची मुलगी साइला
बंद पडलेल्या डेअरीत जिन काढते.
तांब्याची भट्टी, साठ लिटर, पोटाशी एक पोचा,
येताना ट्रकमध्ये आपटली होती.
ज्युनिपर तर हवंच, त्याच्याशिवाय जिन कसली;
मग हे कोंब, भूर्जाची कोवळी पानं,
दलदलीतलं एक झुडूप, जे चोळलं
की हात दिवसभर कडसर गोड राहतात,
आणि गेल्या वर्षीच्या, फ्रीजरमधल्या मूठभर क्लाउडबेरी.
त्यांची जागा इर्या सांगत नाही. लेकीलाही नाही.
बादली घेऊन जाते, बादली घेऊन येते.
लेबलावर साइलाने लिहिलंय :
उगम – आईला माहीत.

इर्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही.
ओतली मात्र पुष्कळ.
मोरीत, बर्फात, एकदा तर सौनाच्या तापल्या दगडांवर,
तीन दिवस सौनाला ओइवाच्या श्वासाचा वास होता.
ओइवा वाईट माणूस नव्हता.
हे वाक्य ती एकोणीस वर्षं
एकाच जागी ठेवत आली आहे,
कोयता ठेवतात तसं,
पातं भिंतीकडे करून.

साइला म्हणाली होती, तू नको म्हणालीस तर नाही करणार.
इर्या मोजा विणत होती. टाका पुरा केला.
म्हणाली, तुला ज्युनिपर नीट कळत नाही,
हिरवी आणि निळी एकाच फांदीवर असतात.
निळी तेवढीच घे.

आज पाचवा घाणा.
पहिली धार येते.
माझ्या भाषेत पहिल्या धारेची म्हटलं
की ऐकणारा डोळा मिचकावतो.
इथे ती बरणीत वेगळी काढतात
आणि वर लिहितात : पिऊ नये.
शेवटचीही सोडायची, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.
ठेवायची ती मधली.
मधली कधी सुरू झाली हे नाकाने ओळखायचं,
आणि साइलाचं नाक
परवापासून सर्दीने बंद आहे.

थोडा वेळ ती नळीकडे बघत बसली.
मग आईला हाक मारली.

इर्याने गमबूट दारात काढले,
चमच्यावर वाकली. नाही.
पुन्हा. नाही.
चाळीस वर्षांपूर्वी, दाराशी,
ओइवाचा कोट उतरवून घेताना
ती एका श्वासात ओळखायची
किती झाली, कुठली, कुणाबरोबर,
आणि पोरीला आत्ताच निजवावं
की जेवू घालून.
ते नाक.
पुन्हा चमचा. नाही.
पुन्हा.
आत्ता, ती म्हणाली. आता रान आलं.

साइलाने बरणी बदलली.
दोघी बोलल्या नाहीत. थेंब बोलत होते.

ब्याऐंशी बाटल्या भरल्या, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या.
इर्याने एकही उघडली नाही.
पिऊ नये लिहिलेली बरणी तेवढी घरी नेली,
काचा छान निघतात तिने.
आता साडेअकराला शिडीवर उभी राहून
वर्तमानपत्राच्या बोळ्याने
ती स्वयंपाकघराची खिडकी पुसते आहे.
झाली पुसून.
ऊन काही जायचं नाव घेत नाही,
म्हणून शेजारचीही घेते.